चार नंबरच्या जिन्यावरची बादली

१

गार्लची वही हरवल्याचं सोमवारी दुपारी बारा वाजता कळलं आणि साडेबारापर्यंत चोर कोण हेही ठरलं. ऑक्सफर्डच्या आमच्या सेंट विस्टन कॉलेजात इतक्या झटपट दुसरं काही ठरलेलं मी एकोणतीस वर्षांत पाहिलेलं नाही. प्रार्थनाघराची गळकी पन्हळ बदलायची की नाही हे ठरवायला यांना चार वर्षं लागली होती.

मी कॉलेजच्या फाटकावर पोर्टर आहे. किल्ल्या, टपाल, सायकली, पिऊन आलेली पोरं आणि वाट चुकलेले प्रवासी, सगळे माझ्याकडे येतात. नाव क्लाइव्ह पफेट. माझी बायको ग्लेनिस इथेच चार नंबरच्या जिन्यावरच्या खोल्यांची सफाई करायची. बावीस वर्षं केली. जानेवारीत ती गेली. मी सांगतोय ते मे महिन्यातलं आहे.

ग्रंथपाल क्वार्मबी त्या दिवशी धावत फाटकापर्यंत आला. एरवी तो जिनासुद्धा थांबत थांबत चढतो. ग्रंथालयाच्या तळघरात एक कुलपाची खोली आहे. तिथे राखाडी पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुनी हस्तलिखितं ठेवतात. त्यातला एक खोका आतल्या वहीसकट नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत होतं. १८४१ साली एडमंड गार्ल नावाचा आमचा एक फेलो, म्हणजे कॉलेजचा कायमचा अध्यापक, दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत गेला होता आणि तिथला झाडपाला वाळवून, चिकटवून घेऊन आला होता. ती वही.

वही शेवटची वाचली होती लिनेओ मोखेथी या मुलीने. वय चोवीस, त्याच डोंगरांतल्या लेसोथो देशातून शिष्यवृत्तीवर आलेली. शुक्रवारी पाच वाजता वही क्वार्मबीच्या हातात परत दिली, असं ती म्हणाली. वही घेतल्याच्या चिठ्ठीवर मात्र परतीची सही नव्हती. क्वार्मबी म्हणाला की त्याला गाडी पकडायची होती, नक्की आठवत नाही. हे सांगताना तो माझ्या बुटांकडे बघत होता.

तिचे मार्गदर्शक डॉक्टर पेरेग्रिन स्टॅलार्ड तेवढ्यात तिथे आले. या गृहस्थांना रात्रीच्या जेवणानंतर फेलोंच्या टेबलावरचे अक्रोड खिशात भरून आणायची सवय आहे. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी मुठीत दोन अक्रोड फोडले.

"मुलगी हुशार आहे, पफेट," ते म्हणाले. "पण त्यांच्याकडे आपलं-परकं याची कल्पना जरा वेगळी असते. बिचारीला दोष देता येत नाही."

मग दोष दिला. प्रिन्सिपलबाईंना तिथल्या तिथे फोन करून गुरुवारी अकरा वाजता समिती बसवायचं ठरवलं. समितीने चोरी मान्य केली की मुलीचं नाव पटावरून जाणार, शिष्यवृत्ती थांबणार आणि तिला देश सोडावा लागणार. फोन ठेवून डॉक्टर निघून गेले. टरफलं माझ्या टपालाच्या टेबलावर होती. ती मी उचलली.

२

मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी लिनेओसाठी फाटक उघडलं. लंडनला त्यांच्या वकिलातीत पासपोर्ट नवा करायला जायचं होतं. वेळ तीन महिन्यांपूर्वी मिळालेली.

"न्टाटे, आज गेले तर पळून गेले म्हणतील का?" तिने विचारलं. तिच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला न्टाटे म्हणतात. मला पहिल्या आठवड्यापासून ती तसंच म्हणते. दुसरं कोणी असतं तर मी हसलो असतो.

मी म्हटलं, नाही गेलीस तर पासपोर्टावाचून राहशील, आणि म्हणायचं ते तसंही म्हणतीलच.

तिने दोन गोष्टी सांगितल्या. कचऱ्याची बादली रात्रीच दाराबाहेर ठेवली आहे, तेव्हा सफाईवाल्या डोमिंगासने खोली उघडायची गरज नाही. आणि ड्रॉवरमधल्या तिच्या इंजेक्शनची मुदत संपली होती, म्हणून नवं आणलं आहे. फाटकाच्या खोलीत एक लाल ड्रॉवर आहे. मधमाशी, कोळंबी, शेंगदाणे, अक्रोड, ज्याला जे बाधतं त्याचं इंजेक्शन, फोटो आणि चिठ्ठी त्यात असते. कोणी निळं पडलं तर धावायचं आम्हालाच. मी जुनं काढून नवं ठेवलं, तिची चिठ्ठी त्यावर चिकटवली आणि नोंद करून सही केली. ती सहाच्या बसने गेली.

साडेनऊला डॉक्टर स्टॅलार्ड हातात राखाडी खोका घेऊन माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. इतकं आनंदी मी त्यांना स्वयंपाक्याने हंस शिजवला होता तेव्हाच पाहिलं होतं. शिष्येशी दोन शब्द बोलावे म्हणून ते चार नंबरच्या जिन्यावर गेले होते म्हणे. दार बंद होतं, बाहेर बादली होती, आणि बादलीत हा खोका. हात लावण्याआधी त्यांनी फोनवर फोटोही काढून ठेवला होता.

"आणि वही, सर?" मी विचारलं.

त्यांनी खोका उघडून दाखवला. आत काही नव्हतं.

"वही लंडनला गेली, पफेट. सहाच्या बसने. आणि फाटक तूच उघडलंस."

३

ग्लेनिसच्या अंत्यविधीला कॉलेजचे चव्वेचाळीस फेलो आले नाहीत. एकही आला नाही. कॉलेजने लिलीची फुलं पाठवली. सोबतच्या कार्डावर तिचं नाव 'ग्लेंडा' असं होतं. विद्यार्थ्यांपैकी एकटी लिनेओ आली होती, मागच्या बाकावर बसली आणि शेवटी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गेली. म्हणून मी यात पडलो. मला रहस्यं सोडवायची हौस नाही.

बुधवारी दुपारी ती फाटकाच्या खोलीत येऊन बसली. मी तिला चहा दिला आणि विचारलं की त्या वहीत असं आहे तरी काय.

त्यावर तिने जे सांगितलं ते असं. गार्लच्या वहीत प्रत्येक पानाच्या समासात बारीक अक्षरांत शब्द आहेत. ही गार्लची गुप्त लिपी आहे असं स्टॅलार्ड गेली वीस वर्षं सांगत आले. त्यावर व्याख्यानं दिली, अनुदानं घेतली आणि जाडजूड पुस्तक लिहिलं. ते जूनमध्ये निघणार होतं. लिनेओने वही उघडली आणि पहिल्याच पानावर तिच्याच भाषेतला शब्द वाचला, लेंगाना. खोकल्यावर पाला उकळून घेणे. लेंगाना तिच्या आजीच्या अंगणात आहे. सगळी वही तशीच होती. गार्लने कुठल्याशा गावातल्या बाईकडून झाडांची नावं आणि उपयोग विचारून घेतले आणि कानाला ऐकू आलं तसं लिहून काढलं. बाईचं नावही शेवटच्या पानावर आहे, मामोतेबांग.

"म्हणजे गुप्त लिपी नाहीच?"

"आमच्या गावात दुसरीतला पोरगा वाचेल, न्टाटे."

हे तिने निबंधात लिहून गेल्या बुधवारी स्टॅलार्डना दिलं होतं. दुसऱ्या कोणालाही दाखवलं नव्हतं. स्टॅलार्ड फक्त म्हणाले होते, मूळ वहीशी ताडून पाहू. आता मूळ वहीच नव्हती, आणि वाचणारीला घरी पाठवायची तयारी चालली होती.

मला हे ऐकून हसू आलं. वीस वर्षं. माणसाने समोरच्या बाईला विचारायचं नाही म्हटलं की वीस वर्षं सहज जातात.

पण कारण कळलं म्हणजे पुरावा झाला असं नाही. तिने खोका सोमवारी रात्री बादलीत टाकला आणि बादली बाहेर ठेवली, असं समिती म्हणणार होती. पहाटे ती लंडनला गेली याचा त्यावर काही परिणाम होत नव्हता. उलट वही विकायला गेली असं त्यांना वाटणार होतं.

मी तिच्या समोरच्या खोलीतल्या जॉलियन फ्रेनला गाठलं. हा मुलगा होड्या वल्हवतो आणि कॉलेजातल्या पाट्या चोरून खोलीत लावतो. लिनेओची सायकल कारंज्यात घालणाराही तोच. माझा पहिला संशय त्याच्यावर होता, कारण मला तो आवडत नाही. तो म्हणाला की मंगळवारी तो दहापर्यंत अंथरुणात होता, डोकं ठणकत होतं. नऊच्या सुमाराला कोणीतरी बाहेर टाकटाक करत आलं आणि थोडा वेळ तिथेच घुटमळलं.

"ती सफाईवाली असेल," तो म्हणाला. "काय नाव तिचं, मारिया?"

"डोमिंगास."

"तेच ते."

डोमिंगास रबरी तळाचे बूट घालते. चार नंबरच्या जिन्यावरची ओली फरशी तीच पुसते, तेव्हा टाकटाक करणारे बूट घालण्याइतकी ती मूर्ख नाही. पण हे मी त्याला सांगत बसलो नाही.

मग मी तळघरात क्वार्मबीकडे गेलो. तो अंड्याचं सँडविच खात होता. फेलोंच्या टेबलावर ग्रंथपालाला जागा नाही, म्हणून बावीस वर्षं तो पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये बसून सँडविच खातो. मी विचारलं, शुक्रवार आणि सोमवारच्या मध्ये खोली कोणी उघडली का. नाही म्हणाला. नोंद दाखवली. शनिवार-रविवारची पानं कोरी होती.

मी म्हटलं, "फेलो लोक सही करतात का कधी?"

त्याच्या हातातलं सँडविच खाली आलं. त्याने मला जायला सांगितलं. तेही विनंती करून.

४

समितीसाठी कागदांच्या आठ प्रती काढून फेलोंच्या टपालाच्या खणांत टाकायच्या होत्या. ते काम माझं. स्टॅलार्डचं निवेदन एका पानाचं होतं. 'सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी वर गेलो. बादली सफाईसाठी दाराबाहेर ठेवलेली होती व अद्याप रिकामी झालेली नव्हती. तिच्या इतर कचऱ्यात मला खोका दिसला.' सोबत फोटो, रंगीत. यंत्राने एक प्रत चुरगळली. ती मी घडी करून खिशात घातली.

साक्षीदारांची यादी पाहिली. नऊ नावं होती. बादली रिकामी करणाऱ्या बाईचं नाव त्यात नव्हतं.

सहाला घरी आलो. बाहेर चांगलं ऊन होतं. शेजारची मुलं रस्त्यावर चेंडू खेळत होती. मी अंडी उकडली, टरफलं टाकायला वळलो. स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली मी जानेवारीपासून वापरत नाही. दाराच्या मुठीला दुकानातली पिशवी अडकवतो आणि भरली की नेऊन टाकतो. त्याचं कारण असं. ग्लेनिस ज्या दिवशी दवाखान्यात गेली त्या सकाळी तिने बादली रिकामी केली होती आणि नेहमीसारखी नवी पिशवी घडी करून कडीला गाठ मारून ठेवली होती. ही तिची कामावरची पद्धत. बाहेर ठेवलेली बादली रिकामी केली की ती नवी पिशवी आत घालायची नाही, कडीला बांधायची. म्हणजे दुरूनच कळायचं की हे दार झालं, पुन्हा वाकायला नको. तिचे गुडघे दुखायचे. दुसऱ्या कुठल्याच जिन्यावर असं करत नाहीत. शेवटच्या वर्षी तिने डोमिंगासला तेच शिकवलं.

मी अंडं हातात धरून त्या गाठीकडे बघत उभा राहिलो. मग खिशातली प्रत काढून टेबलावर सरळ केली.

फोटोतल्या बादलीच्या कडीला घडी केलेली काळी पिशवी बांधलेली होती. तीच दुहेरी गाठ.

खोका बादलीत पडण्याआधी ती बादली रिकामी झाली होती.

५

गुरुवारी सात वाजता डोमिंगास कामावर आली तेव्हा मी जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो. ती पूर्व तिमोरची. इथल्या निम्म्या सफाईवाल्या बायका तिथल्याच आहेत. मी विचारलं, मंगळवारी लिनेओची बादली किती वाजता रिकामी केलीस.

"आठ वाजून पाच. मग पिशवी बांधली, मिसेस ग्लेनिससारखी. का, मिस्टर क्लाइव्ह?"

"आत काय होतं?"

"चहाच्या पिशव्या. केळ्याची साल. फाडलेले कागद."

"राखाडी खोका?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "खोका असता तर मी काढून ठेवला असता. पुठ्ठा वेगळ्या डब्यात जातो."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणी विचारलं?"

आठ-पाच ते नऊ-वीस. त्या वेळात लिनेओ लंडनला होती. खोका तिने टाकलेला नव्हता, एवढं पक्कं झालं. पण दुसऱ्या कोणी टाकला हे अजून सिद्ध व्हायचं होतं, आणि पोर्टरच्या नुसत्या शब्दावर फेलोला हात लावण्याची या कॉलेजात प्रथा नाही.

मी फाटकावर येऊन टपालाचं भिंग काढलं आणि फोटो पुन्हा पाहिला. 'इतर कचऱ्यात', असं निवेदनात लिहिलं होतं. डोमिंगासने तर सगळा कचरा नेला होता. मग खोक्याभोवती काय होतं? एक चुरगळलेला कागद आणि तपकिरी, सुरकुतलेल्या वाट्यांसारखे तुकडे. सात-आठ होते.

नुसत्या रिकाम्या बादलीत एकटा खोका बरा दिसला नसता. म्हणून त्याने वर थोडा कचरा घातला होता. ज्या माणसाने आयुष्यात कधी कचऱ्याकडे पाहिलेलं नाही, त्याला कचरा म्हणजे आपल्या खिशात असतो तो.

मी लाल ड्रॉवर उघडला. लिनेओ मोखेथी. माझ्याच हाताने चिकटवलेली चिठ्ठी. अक्रोड व तत्सम. स्पर्शही टाळावा.

स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलो. अक्रोड फक्त फेलोंच्या टेबलासाठी येतात, जेवणानंतर पोर्ट वाइनबरोबर. मुलांना सफरचंद मिळतं. क्वार्मबीला तेही नाही. जॉलियनला त्या टेबलाजवळ कोणी उभं करणार नाही. म्हणजे टरफलं टाकणारा फेलो होता, आणि मंगळवारी सकाळी माझ्या खिडकीसमोरून चार नंबरच्या जिन्याकडे एकच फेलो गेला होता.

मी पुन्हा तळघरात गेलो. क्वार्मबीसमोर फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं. निवृत्तीला त्याची दोन वर्षं उरली होती.

"शनिवारी आले होते," तो शेवटी म्हणाला. "अर्ध्या तासासाठी म्हणाले. मी सहीचा कागद पुढे केला तर हसले. क्वार्मबी, मी का विद्यार्थी आहे? सोमवारी मी वही मागितली तर म्हणाले, मी शनिवारी आलोच नव्हतो, तुला तसं वाटतंय. आणि परतीची सही तू विसरलास हे मी कोणाला सांगणार नाही."

"मग तू काय केलंस?"

"मी दारं लावली आणि तुझ्याकडे धावत आलो."

मी त्याला कोट घालायला लावला. साडेदहा वाजले होते.

६

प्रिन्सिपलबाई, डॉक्टर ऑनर थ्रेलफॉल, समितीच्या तयारीत होत्या. पोर्टरला समितीसमोर बोलण्याची सोय नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग इथेच बोलतो, पण डॉक्टर स्टॅलार्डना बोलवा. क्वार्मबीचा चेहरा पाहून त्यांनी बोलावलं.

मी फोटो टेबलावर ठेवला आणि जे वर लिहिलं तेच सांगितलं. पिशवीची गाठ, डोमिंगास, आठ वाजून पाच, टाकटाक वाजणारे बूट, टरफलं, लाल ड्रॉवर. स्टॅलार्ड पाय पसरून खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्या बुटांना लोखंडी टाच आहे. प्रिन्सिपलबाईंची नजर तिकडे गेली तसे त्यांनी पाय आत घेतले.

"थोडक्यात, आपण एका बाईच्या गाठ मारायच्या सवयीवरून विद्वत्तेचा न्याय करतो आहोत," ते म्हणाले. "ऑनर, कृपा करून या गृहस्थाला फाटकावर पाठव."

"एकच विचारतो, सर," मी म्हटलं. "तुमच्या खोलीतली बादली कोण रिकामी करतं?"

"म्हणजे?"

"रोज सकाळी येते. अकरा वर्षं झाली. तिचं नाव काय?"

त्यांनी प्रिन्सिपलबाईंकडे बघितलं, जणू नाव त्यांना माहीत असेल. त्यांनाही नव्हतं. तिचं नाव इव्हॉन आहे.

"निवेदनात तुम्ही लिहिलंय की बादली अजून रिकामी झाली नव्हती," मी म्हटलं. "चार नंबरच्या जिन्यावरच्या कुठल्याही मुलाला विचारा, पिशवी बांधलेली बादली म्हणजे झालेली. तुम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही ती भरलीत. आणि भरलीत ती अक्रोडाच्या टरफलांनी. ज्या मुलीला अक्रोडाने मरण येईल तिच्या बादलीत. दोन वर्षं तुम्ही तिला शिकवता."

क्वार्मबीने मग शनिवारचं सांगितलं.

प्रिन्सिपलबाईंनी विचारलं, "पेरेग्रिन, वही कुठे आहे?"

मला वाटलं होतं ते नाकारतील. पण त्यांना नाकारण्याचाही कंटाळा आला असावा. ते म्हणाले की वही सुरक्षित आहे, पुस्तक निघाल्यावर ती सापडणारच होती, कोणाचंही नुकसान झालं नसतं.

"त्या मुलीचं?" प्रिन्सिपलबाईंनी विचारलं.

"तिला दुसरीकडे कुठेतरी जागा मिळाली असती. ही माणसं चिवट असतात."

वही त्यांच्या गाउनच्या कपाटात, समारंभाच्या टोपीखाली होती. आणायला मला पाठवलं. कपाटाच्या तळाशी अक्रोडांची पिशवी होती. वही मी दोन हातांनी धरून आणली.

७

समिती बसलीच नाही. डॉक्टर स्टॅलार्ड तब्येतीच्या कारणाने रजेवर गेले. सूचना फलकावर लावली तेव्हा 'पूर्ण पगारी' हे शब्द त्यात नव्हते, पण मला टपालावरून कळलं. त्यांचं पुस्तक पुढे ढकललं गेलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. प्रिन्सिपलबाईंनी मला बोलावून सांगितलं की कॉलेज हे एक कुटुंब आहे. मी विचारलं, मोखेथीबाईंना हे कळवलं का. पत्र जातंय, असं त्या म्हणाल्या.

पत्र दोन ओळींचं होतं. प्रकरण बंद करण्यात येत आहे. लिनेओने ते माझ्या खिडकीशी उभं राहून वाचलं आणि मला वाचायला दिलं.

"यात चूक झाली असं कुठे लिहिलंय, न्टाटे?"

"नाही लिहिलेलं."

"मग मी निर्दोष आहे की नुसती बंद आहे?"

मी तिला म्हटलं, आत ये, चहा घे. तिला नवी मार्गदर्शक मिळाली. एडिनबराची बाई आहे, बरी दिसते. निबंधात लिनेओने मामोतेबांगचं नाव पहिल्या पानावर घातलं. ग्रंथालयाच्या यादीत मात्र त्या वहीसमोर अजून एकट्या गार्लचं नाव आहे. यादी बदलायला समिती लागते. मी दर शुक्रवारी क्वार्मबीला विचारतो. तो म्हणतो, पुढच्या सत्रात. पण आता तो फेलोंकडून सही घेतो. दोघांनी तक्रार केली आहे.

मी लिनेओला गाठीचं सगळं सांगितलं, घरच्या बादलीचंसुद्धा. ती एका रविवारी घरी आली. तिने स्वयंपाक केला, मी भांडी घासली. कचरा टाकायची वेळ आली तेव्हा ती बादलीपर्यंत गेली, कडीकडे पाहिलं आणि काही न विचारता दाराला लटकवलेली पिशवी घेतली.

कॉलेजने लिनेओची माफी मागितलेली नाही. डोमिंगासला अजून कोणी काही विचारलेलं नाही. ग्लेनिसने बांधलेली पिशवी बादलीच्या कडीला आहे तशीच आहे. ती मी सोडलेली नाही.